सायकलवर हात-पाय सुन्न पडतात तेव्हा

फज्रची नमाज आटोपून लोक मशिदीबाहेर येतात, तेव्हा भिंतीला टेकवलेल्या सायकली पूर्वी पाववाल्यांच्या आणि दूधवाल्यांच्या असत. आता त्यांच्या जोडीला गिअरच्या, सरळ हँडलच्या, चकचकीत सायकली दिसू लागल्या आहेत. त्या बहुधा चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांच्या असतात. डॉक्टरांनी साखर वाढल्याचे सांगितलेले असते, चालायला गेले की गुडघे कुरकुरतात, मग सायकल घेतली जाते. आम्हाला हे दृश्य फार आवडते. बिर्याणी आणि शीरखुर्म्यावर पोसलेल्या आपल्या मोहल्ल्यांना या घामाची गरज आहेच.

परंतु पंधरा-वीस दिवस गेले की यातले बरेचजण एकच तक्रार सांगू लागतात. अर्ध्या तासात करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट सुन्न पडते. पायाची बोटे बुटात आहेत की नाहीत हे कळेनासे होते. घरी येऊन वुजूला बसले तर पाण्याचा गारवा एका पायाला कळतो, दुसऱ्याला उशिरा कळतो. मग घरात इलाज सुरू होतात. दादी मोहरीचे तेल गरम करून देतात, कोणी "रक्त थांबलंय" म्हणून हात झटकायला सांगतो, कोणी नस चोळणाऱ्याचा पत्ता देतो, आणि महिन्याभरात सायकल जिन्याखाली जाऊन पडते. साखर मात्र जिथल्या तिथे राहते.

याच्या उलटही घडते आणि ते जास्त वाईट. पायाचा बधिरपणा सायकलमुळे नसून मधुमेहाने आलेला असतो, पण माणूस सगळा दोष सायकलवर टाकून निर्धास्त राहतो. तळव्याला चटका बसला, खडा रुतला, जखम चिघळली तरी त्याला पत्ता लागत नाही. म्हणून हा विषय आम्ही थोडा सविस्तर घेत आहोत. कोणता बधिरपणा पाना आणि स्पॅनरने जातो आणि कोणत्यासाठी दवाखाना गाठायचा, हे प्रत्येक घरात ठाऊक असायला हवे.

आधी एक गैरसमज दूर करू. हात किंवा पाय झोपतो तो बहुतेक वेळा रक्त थांबल्यामुळे नव्हे, नस दबल्यामुळे. इथे नस म्हणजे रक्तवाहिनी नाही, तर मेंदूकडे संदेश नेणारी मज्जातंतूची दोरी. तिच्यावर दाब पडला की तिला स्वतःला मिळणारे बारीक रक्तही कमी होते आणि संदेशांची ये-जा अडते. तो भाग मुका होतो. दाब निघाला की नस पुन्हा जागी होते आणि सुरुवातीला वेडेवाकडे संदेश पाठवते. त्यालाच आपण मुंग्या किंवा झिणझिण्या म्हणतो. नमाजमध्ये काअदा लांबला की पायाचे हेच होते. बैठक हनफी पद्धतीची असो की आपल्या कोकणातली शाफई, डावा पाय कुठेतरी दबतोच. सलाम फेरल्यावर दोन-चार मिनिटांत तो मोकळा होतो आणि नसेला काही इजा झालेली नसते. सायकलवर फरक इतकाच की दाब चार मिनिटांचा नसून तासाभराचा असतो, रोजचा असतो आणि त्यात रस्त्याच्या हादऱ्यांची भर असते.

हात

हाताच्या बधिरपणात पहिला प्रश्न विचारायचा, कोणती बोटे? कारण बोटांवरून नस ओळखता येते.

करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची करंगळीकडची बाजू, ही अल्नर नसेची हद्द. कोपराला आतून काही लागले की करंगळीपर्यंत वीज चमकते, ती हीच नस. कोपरातून खाली येऊन ती मनगटापाशी, तळहाताच्या करंगळीकडच्या मांसल उंचवट्याजवळ, एका अरुंद बोगद्यातून पुढे जाते. फेलिक्स गायॉन नावाच्या फ्रेंच शल्यविशारदांनी १८६१ साली या बोगद्याचे वर्णन केले, म्हणून त्याला गायॉनचा बोगदा म्हणतात. सायकलची मूठ नेमकी याच उंचवट्यावर टेकते. शरीराचे वजन तिथे पडले की नस मूठ आणि हाड यांच्यामध्ये चेपली जाते. ही तक्रार काही आजची नाही. देस्तो नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८९६ सालीच सायकलमुळे या नसेला येणाऱ्या लकव्यावर लिहून ठेवले आहे.

अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग, ही मीडियन नसेची हद्द. ती मनगटाच्या मधोमध असलेल्या बोगद्यातून जाते आणि तिथे तिच्या सोबतीला बोटे वाकवणारे नऊ स्नायुबंध दाटीवाटीने असतात. मनगट मागे वाकवून त्यावर भार दिला की हा बोगदा आवळतो. मात्र या नसेची तक्रार सायकल न चालवणाऱ्यांतही फार आढळते. रोज कणीक मळणाऱ्या, कपडे पिळणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या आमच्या कितीतरी भगिनी रात्री हात झटकत उठतात, ती हीच. गरोदरपणात, मधुमेहात आणि थायरॉइड मंदावल्यावर ती बळावते. तेव्हा अंगठ्याकडची बोटे रात्री झोपेत बधिर होत असतील तर सायकलला दोष देण्याआधी थायरॉइड आणि साखर तपासून घ्यावी.

आणखी एक खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. करंगळीसोबत हाताच्या पाठीकडची तीच बाजूही बधिर असेल, तर नस मनगटाशी नव्हे, बहुधा वर कोपराशी दबते आहे. कोपर दुमडून तासन्‌तास मोबाइल कानाला लावणाऱ्यांना हा त्रास होतो. पाठीकडचा भाग शाबूत आणि फक्त तळव्याकडची बोटे सुन्न असतील, तर दोष हँडलच्या मुठीकडे जातो. मानेपासून खाली कळ येत असेल तर गोष्टच निराळी. ती मानेच्या मणक्याची तक्रार असू शकते.

नुसता बधिरपणा हा तसा सभ्य रोग म्हणायचा, तो ओरडून सांगतो. काही जणांत अल्नर नसेची फक्त खोलवरची फांदी दबते. तिचे काम स्पर्शाचे नसून ताकदीचे आहे. अशा माणसाला मुंग्या येत नाहीत, पण शेरवानीची बटणे लागत नाहीत, किल्ली फिरत नाही, चिमटीतून सुई निसटते. घरच्या घरी एक परीक्षा करता येते. जाडसर कागद अंगठा आणि तर्जनीच्या कडेमध्ये, अंगठा सरळ ठेवून धरायचा आणि दुसऱ्याने तो ओढायचा. कागद वाचवण्यासाठी अंगठ्याचे टोक आपोआप वाकत असेल, तर त्या नसेचे स्नायू कमजोर पडले आहेत. अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग दुसऱ्या हातापेक्षा खोल गेलेला दिसला तर एक दिवसही घालवू नये. मेंदूविकार किंवा हाडांच्या डॉक्टरांकडे जावे. ते नसेतून विजेचा संदेश किती वेगाने जातो याची तपासणी करतात. नस नुसती चेपलेली असेल तर दाब थांबवल्यावर काही दिवसांत किंवा आठवड्यांत ती सावरते. आतले तंतूच तुटले असतील तर ते दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर या गतीने वाढतात. मनगटापासून बोटापर्यंतचे अंतर मोजले की उशीर किती महाग पडतो ते कळेल.

काळी सायकल आणि गिअरची सायकल

आमच्या वडीलधाऱ्यांनी जन्मभर सायकल दामटली, त्यांची करंगळी कशी झोपली नाही, असे तरुण मंडळी विचारतात. प्रश्न रास्त आहे. ती काळी, लांबलचक, वीस किलोच्या घरातली सायकल आठवा. तिचे हँडल अंगाकडे वळलेले असे, त्यामुळे मनगट सरळ राही. माणूस खुर्चीवर बसल्यासारखा ताठ बसे, सगळे वजन बुडाखालच्या स्प्रिंगच्या रुंद सीटवर जाई आणि हातांवर फक्त वळवण्याचे काम उरे. आजच्या सायकलचे हँडल काठीसारखे सरळ आणि बरेचदा सीटपेक्षा खाली असते. माणूस पुढे झुकतो आणि धडाचे वजन दोन तळहातांवर येते. ती बनवली आहे डोंगरवाटेसाठी, जिथे स्वार दर क्षणी जागा बदलतो. आपण तिच्यावर बसून सपाट डांबरी रस्त्याने एकाच स्थितीत दहा किलोमीटर जातो.

म्हणून सायकल बदलण्यापूर्वी ती अंगाला बसवून घ्या. कपडे शिवताना आपण दर्जीकडे माप देतो, सायकल मात्र दुकानातून निघाली तशीच चालवतो. याचे आम्हाला नेहमी नवल वाटते.

सुरुवात सीटच्या उंचीपासून करायची. सायकलवर बसून टाच पायडलवर ठेवा आणि पायडल सर्वांत खाली न्या. गुडघा अगदी सरळ झाला पाहिजे. आता टाचेऐवजी चवडा पायडलवर घेतला की गुडघ्यात थोडा बाक राहील, तीच योग्य उंची. सीट फार उंच असेल तर खाली पोहोचण्यासाठी कंबर डावी-उजवीकडे डोलते, माणूस हँडलला लटकतो. फार खाली असेल तर गुडघ्यांवर ताण येतो.

मग सीटचा कल. हात बधिर होण्याचे हे सर्वांत दुर्लक्षित कारण आहे. सीटचे नाक पुढे झुकलेले असेल तर शरीर सारखे पुढे घसरते आणि त्याला थोपवायचे काम दोन तळहात करीत राहतात. एक पट्टी किंवा जाड पुठ्ठ्याची वही सीटवर आडवी ठेवा, ती जमिनीला समांतर दिसली पाहिजे. सीटखालचा एक नट ढिला करून हे पाच मिनिटांत होते.

तिसरे हँडल. त्याची उंची निदान सीटइतकी असावी. वय जास्त, पोट थोडे सुटलेले, कंबर ताठ असेल तर सीटपेक्षा चार बोटे वर असले तरी बिघडत नाही. काही सायकलींत हँडल वर घेता येते, काहींत मिस्त्रीकडून वर वळलेला दांडा बसवून घ्यावा लागतो. हँडल धरल्यावर कोपर किंचित वाकलेले, खांदे सैल आणि मनगट हाताच्या रेषेत सरळ हवे. ब्रेकच्या दांड्या फार वर लावलेल्या असतील तर बोटे तिथे ठेवताना मनगट मागे मुडपते. त्या थोड्या खाली फिरवून घ्याव्यात.

इतके केल्यावर निम्म्याहून अधिक तक्रारी मिटतात असा आमचा अनुभव आहे. उरलेल्यांसाठी सवयी बदलायच्या. मूठ चिंबल्यासारखी आवळून धरू नये. दर पाच-सात मिनिटांनी पकड हलवावी, एकेक हात सोडून बोटे उघडझाप करावीत, अर्थात रस्ता मोकळा असेल तेव्हाच. तळहाताला रुंद आधार देणाऱ्या चपट्या मुठी मिळतात, त्या गोल मुठींपेक्षा बऱ्या. हातमोजे उपयोगी पडतात, पण फार जाड गादीचे नकोत. गादीचा गोळा नसेवरच दाबला गेला तर दुखणे वाढते. टायरमध्ये दगडासारखी हवा भरायची हौसही सोडावी. किती हवा चालते ते टायरच्या बाजूला छापलेले असते, त्या मर्यादेत थोडी कमी ठेवली तर खड्ड्यांचा हादरा रबर सोसते, मनगटाला सोसावा लागत नाही.

मोटारसायकलवाल्यांनाही यातले पुष्कळ लागू आहे. त्यांना तर इंजिनाची थरथर वर.

पाय

पायाचा बधिरपणा बहुधा चवड्यापासून सुरू होतो. तळपायाच्या पुढच्या उंचवट्यात बोटांच्या हाडांची टोके शेजारी शेजारी असतात आणि त्यांच्यामधून बोटांकडे जाणाऱ्या बारीक नसा धावतात. पायडलचा सारा दाब या एका जागी पडतो. बूट अरुंद असेल तर हाडे दोन्ही बाजूंनी आवळली जातात आणि नसा त्यांच्यात चिमटतात. त्यात उन्हाळा. पाय सुजतात, सकाळी ठीक असलेला बूट अर्ध्या तासात घट्ट होतो.

इलाज साधा आहे. बोटे हलवता येतील इतका रुंद पुढचा भाग असलेला बूट घ्यावा आणि तो संध्याकाळी घ्यावा, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. नाडी पुढच्या बाजूला सैल, घोट्याकडे नीट. तळ थोडा कडक हवा. आपल्याकडे रबरी चपलेवर सायकल चालवायची पद्धत आहे. मऊ चपलेतून पायडलची धार किंवा मधला दांडा थेट तळव्यात घुसतो. दातेरी लोखंडी पायडल असेल तर आणखीच. पाय पायडलवर थोडा पुढे घेतला, म्हणजे पायडलचा दांडा चवड्याच्या किंचित मागे आला, की दाब पसरतो.

दुसरे कारण जड गिअर. जोर लावून, हळूहळू, दात खाऊन पायडल मारणे म्हणजेच व्यायाम, अशी समजूत दिसते. प्रत्येक फेऱ्याला तळव्यावर पडणारा दाब त्याने वाढतो. गिअर हलका करून मिनिटाला सत्तरेक फेरे होतील अशी चाल ठेवली तर पाय, गुडघे आणि दम, तिन्ही टिकतात. चढाला लाज न बाळगता उतरून चालावे. रत्नागिरी-चिपळूणकडच्या वाचकांना हे आम्ही सांगायला नकोच.

बधिरपणा चवड्याऐवजी पायाच्या वरच्या बाजूला असेल, चालताना पाऊल लुळे पडून बोटे जमिनीला घासत असतील, तर नस गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दबलेली असू शकते. कंबरेपासून मागून खाली कळ येत असेल तर मूळ पाठीत असते. या दोन्ही गोष्टी बुटाने बऱ्या होणाऱ्या नाहीत.

जी गोष्ट बोलायला लोक लाजतात

सीटवर बसून मांड्यांच्या मधला, नाजूक भाग बधिर होणे, ही तक्रार पुरुषांत आढळते आणि स्त्रियांतही. कोणी घरात बोलत नाही, डॉक्टरांनाही सांगत नाही. तिथून जाणारी नस आणि रक्तवाहिनी अरुंद सीटच्या नाकाखाली दबते. तिच्याकडे दुर्लक्ष करून लांब पल्ले मारीत राहणे बरे नव्हे, कारण त्या नसेवर लघवीचे आणि वैवाहिक जीवनाचेही काम अवलंबून आहे. सीट रुंद, मधोमध खाच असलेली घ्यावी, उंची तपासावी, नाक वर आले असेल तर समांतर करावे आणि दर दहा मिनिटांनी पायडलवर उभे राहून अर्धा मिनिट सीट मोकळी सोडावी. इतके करूनही बधिरपणा येत राहिला तर सायकल बंद करून डॉक्टरांना दाखवावे. दीनचे मसले विचारताना आपले बुजुर्ग लाजत नसत, मग तब्येतीचे विचारताना लाज कशाची?

सायकलचा नव्हे, साखरेचा बधिरपणा

आता सर्वांत महत्त्वाचे. दाबाने आलेला बधिरपणा सायकलवरून उतरल्यावर पाच-दहा मिनिटांत ओसरतो. तासभर राहिला तर ती सूचना समजावी. दुसऱ्या दिवशीही टिकला तर सायकल थांबवावी आणि दवाखान्यात जावे.

मधुमेहाचा बधिरपणा वेगळ्या चालीने येतो. शरीरातल्या सर्वांत लांब नसा आधी खराब होतात, म्हणून तो पायाच्या बोटांपासून सुरू होतो, दोन्ही पायांना सारखाच येतो आणि मोजा चढवावा तसा महिनोन्‌महिने वर सरकतो. सायकल चालवा वा न चालवा, तो असतोच. रात्री तळव्यांची आग होते. कापसावर चालल्यासारखे वाटते. आणि एक खूण अशी की चपल पायातून निसटून मागे राहते आणि माणूस तसाच चार पावले पुढे जातो. घरातल्या कोणा अब्बांचे किंवा नानींचे असे होत असेल तर ते म्हातारपणाचे विसराळूपण समजू नका. उपाशीपोटीची आणि तीन महिन्यांची साखर तपासा आणि डॉक्टरांना पाय दाखवा. दहा ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून ते स्पर्श शिल्लक आहे की नाही हे मिनिटभरात सांगतात. मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांनी बी-१२ जीवनसत्त्वही तपासावे, कारण त्या गोळीने ते कमी होऊ शकते आणि त्याच्या कमतरतेनेही पाय असेच सुन्न पडतात. हा प्रकार ओळखला तर गोळ्या-इंजेक्शनांनी सुधारतो.

अशा माणसाने सायकल सोडावी का? मुळीच नाही. ज्यांच्या तळव्यांची जाणीव गेली आहे त्यांना लांब चालण्यापेक्षा सायकल बरी, कारण शरीराचे वजन तळव्यावर येत नाही. फक्त चपल नको, बंद बूट हवा. घालण्यापूर्वी हात घालून आत खडा नाही ना हे पाहावे.

मधुमेही माणसाने रोज पाय नीट पाहावेत, असे जगभरचे डॉक्टर सांगतात. आपल्याकडे ती सोय दिवसातून पाच वेळा आहे. वुजू करताना पाय धुतोच, बोटांमध्ये खिलालही करतो. तेव्हा हात जरा सावकाश फिरवावा, फोड, भेग, लाली, ओल आहे का ते पाहावे, तळवा दिसत नसेल तर लहान आरसा धरावा किंवा मुलाला पाहायला सांगावे. मग बोटांमधली जागा टॉवेलने कोरडी करावी, कारण ओलसर जागी बुरशी होते आणि कातडी फाटते. चामडी मोज्यांवर मसह करणाऱ्या मधुमेही बुजुर्गांनी दिवसातून एकदा मोजे काढून पाय पाहण्याचा नेम ठेवावा. हिवाळ्यात वुजूच्या गरम पाण्यात पाय घालण्याआधी कोपराने ते तपासावे. सुन्न पायाला कढत पाणी कळत नाही. एप्रिल-मेमध्ये जुमाला मशिदीच्या सहनातली फरशी किती तापते हे सर्वांना ठाऊक आहे. जाणीव गेलेला तळवा त्यावर भाजतो आणि संध्याकाळी फोड दिसेपर्यंत कळत नाही. सहनात चटई अंथरणे हे मशीद कमिटीचे काम आहे आणि ते त्यांनी करायला हवे.

हिजामाबद्दल आम्हाला नेहमी विचारले जाते. ती सुन्नत आहे आणि तिच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. पण मधुमेह असलेल्या, बधिर झालेल्या पायावर चिरे देऊन रक्त काढणे आम्हाला धोक्याचे वाटते. तिथल्या जखमा भरत नाहीत, चिघळतात आणि गोष्ट पाय कापण्यापर्यंत जाऊ शकते. ज्यांना हिजामा करायचाच आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून करावा आणि पायावर तर करूच नये.

रमजानमध्ये असरनंतर सायकल काढणाऱ्या मधुमेहींना एक गोष्ट सांगून ठेवतो. ओठांभोवती मुंग्या, हाताला कंप, दरदरून घाम, घाबरे होणे, ही नस दबल्याची लक्षणे नव्हेत, साखर उतरल्याची आहेत. लगेच उतरावे, साखर मोजावी. ७० च्या खाली असेल तर इफ्तारला दहा मिनिटे उरली असली तरी रोजा सोडून गोड खावे. आजारी माणसाला दिलेली सवलत नाकारण्यात सवाब नाही.

आणि अचानक एकाच बाजूचा हात-पाय सुन्न पडला, तोंड वाकडे झाले, बोबडी वळली, तर ना तेल, ना मालिश. १०८ ला फोन. मेंदूतली गाठ विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, म्हणून लक्षणे किती वाजता सुरू झाली ते लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगावे.

ज्यांची रोजी सायकलवर आहे

वरचे पुष्कळसे हौशी सायकलस्वारांसाठी झाले. पण पहाटे चारला भट्टीवरून निघणारा पाववाला, यंत्रमागावर पाळीला जाणारा कामगार, फेरीवाला, भंगार गोळा करणारा, यांना "काही दिवस सायकल बंद ठेवा" सांगणे म्हणजे चूल बंद ठेवा सांगण्यासारखे आहे. त्यांच्या हाताची ताकद गेली तर घराची कमाई जाते. त्यांच्यासाठी पहिली गोष्ट, हँडलला पिशव्या अडकवणे बंद करावे. पुढचे ओझे चाकाला सारखे एका बाजूला ओढते, ते सावरायला मूठ आवळावी लागते आणि नस तिथेच चेपते. सगळे ओझे मागच्या कॅरिअरवर, मधोमध, खाली बांधलेले असावे. दुसरी गोष्ट, मुठीचे रबर झिजून लोखंड उघडे पडले असेल तर ते आजच बदलावे. तोवर जुन्या ट्यूबच्या पट्ट्या करून दोन-तीन वेढे गुंडाळले तरी चालते, सायकल दुकानात त्या फुकट मिळतात. काळी सायकल विकून गिअरची घेण्याच्या मोहात या मंडळींनी पडू नये.

शाळेत जाणाऱ्या मुलींचेही असेच. मानव विकास कार्यक्रमातून गरजू मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या, त्यामुळे कितीतरी मुलींचे आठवीनंतरचे शिक्षण टिकले. पण पाठीवर सहा-सात किलोचे दप्तर घेऊन मुलगी पुढे झुकते, ते वजनही मनगटांवर उतरते आणि खांद्याच्या पट्ट्यांनी तिथल्या नसा वेगळ्या दबतात. दप्तर कॅरिअरला रबराने बांधायला शिकवावे. बुरखा किंवा ओढणी चेनमध्ये आणि चाकात जाऊ नये म्हणून चेनला झाकण आणि मागच्या चाकाला जाळी बसवून घ्यावी, ही गोष्ट बधिरपणाची नाही पण याच मिस्त्रीकडे याच वेळी होऊन जाते.

मुलांच्या सायकली तर आपण एका ईदला घेतो आणि पुढच्या ईदपर्यंत त्यांच्याकडे पाहत नाही. मूल उंच होते, सीट तिथेच राहते. सुट्टीच्या दिवशी पोराला अंगणात सायकलवर बसवून टाच पायडलवर ठेवायला सांगा. गुडघा वाकलेला दिसला तर सीटखालचा पट्टा ढिला करून ती बोटभर वर घ्या. मात्र दांड्यावर कोरलेली शेवटची रेघ नळीच्या बाहेर दिसता कामा नये. ती दिसू लागली की समजावे, सायकल आता धाकट्या भावाची झाली.